कस्टडीत माणूस गेला, आता चौकशी कोणाची?

प्रश्न : डॉक्टरसाहेब, माझ्या चुलतभावाला चोरीच्या संशयावरून उचललं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे फोन आला की फिट येऊन गेला. पीएम (पोस्टमॉर्टेम) झालं, बॉडी दाखवली ती पण फक्त चेहऱ्यापुरती, आणि लगेच उरकून घ्या म्हणून मागे लागले. आम्ही अजून ताब्यात घेतलेली नाही. वकील म्हणतात मिनेसोटा प्रोटोकॉलप्रमाणे चौकशी मागू. हे काय आहे, आणि आपल्याकडे चालतं का?
- एक वाचक, मराठवाडा

उत्तर : दादा, सगळ्यात आधी एक सांगतो, ताब्यात घेतलीत तरी जाळू नका, दफन करा. पुरलेलं परत तपासता येतं, राखेतून काय निघणार.

आता प्रोटोकॉल. २१ ऑगस्ट १९८३ ला फिलिपिन्सचे विरोधी नेते बेनिग्नो अक्विनो मनिलाच्या विमानतळावर उतरले आणि सैनिकांच्या गराड्यातच त्यांना गोळी लागली. सरकार म्हणालं खाली धावपट्टीवर उभ्या असलेल्या एका माणसाने मारलं, आणि तो माणूस तर जागच्या जागी ठार केलेला, म्हणजे विचारायला कोणी उरलंच नाही. पण गोळी कानामागून शिरून हनुवटीतून बाहेर पडली होती, म्हणजे वरून खाली. खाली उभा असलेला माणूस विमानाच्या जिन्यावरच्याला अशी कशी मारेल? चौकशी मंडळातल्या बहुतेक सदस्यांनी शेवटी हेच म्हटलं की जिना उतरतानाच मागून गोळी घातली. सरकारी गोष्टीला प्रेताने खोटं पाडलं.

या प्रकरणानंतर अमेरिकेतल्या मिनेसोटाच्या वकिलांनी नियम लिहायला घेतले, १९९१ ला संयुक्त राष्ट्रांनी त्याची पुस्तिका काढली आणि २०१६ ला ती सुधारली, तोच हा मिनेसोटा प्रोटोकॉल. मूळ मुद्दा सोपा आहे, ज्यांच्यावर संशय आहे त्यांनी किंवा त्यांच्याच युनिटने तपास करायचा नाही, आणि माणूस कोठडीत दगावला तर जबाबदारी सरकारची असं धरूनच सुरुवात करायची. हा काही करार नाही, त्यामुळे थेट बंधनकारक नाही, पण जगण्याच्या हक्काच्या ज्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९७९ पासून आहे तो पाळायचा कसा हे यात लिहिलंय, तेव्हा वकिलांनी अर्जात टाकायला काहीच हरकत नाही.

पण खरं हत्यार तुमच्या घरचंच आहे. बीएनएसएसचं, म्हणजे सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याचं, कलम १९६ (जुनं १७६) म्हणतं की कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने, म्हणजे कोर्टातल्या मॅजिस्ट्रेटने करायची. म्हणजे तहसीलदार किंवा प्रांत येऊन कागद करून गेले तर तेवढ्यावर गप्प बसू नका. शक्य असेल तिथे नातेवाइकांना कळवायचं आणि चौकशीला हजर राहू द्यायचं हेही त्यातच आहे. शिवाय पोलिसांनी २४ तासांत मानवी हक्क आयोगाला कळवायचं असतं, आणि पीएमचं व्हिडिओ शूटिंग करा असं आयोग १९९५ पासून सांगतोय.

व्हिडिओ मागाच, पण त्यात काय बघायचं तेही सांगतो, कारण मी आयुष्यभर पीएम रूममध्येच उभा होतो. मुका मार सावळ्या कातडीवर दिसतच नाही कधी कधी, खोल असेल तर वरून स्वच्छ. म्हणून पाठ, कुल्ले, मांड्या आणि तळपाय इथे कातडी उघडून आत रक्त साकळलंय का बघावं लागतं. पट्ट्याचा मार तळपायावर असतो आणि तळपाय कोण बघतो हो? छाती-पोट उघडलं, टाके घातले, झालं, असं मी किती वेळा पाहिलंय! फोटो पण जवळून, शेजारी मोजपट्टी ठेवून काढलेले हवेत.

प्रश्न : एन्काउंटरलाही हेच नियम का?
- एक वाचक, ठाणे

उत्तर : हो, त्यात तर निकाल आपल्याच राज्यावरून आलाय. १९९५ ते ९७ मध्ये मुंबईत ९९ च्या आसपास चकमकी झाल्या आणि सुमारे १३५ माणसं गेली, त्यावर पीयूसीएल ही नागरी हक्कांसाठी लढणारी संघटना कोर्टात गेली आणि सप्टेंबर २०१४ ला सुप्रीम कोर्टाने १६ मुद्दे घालून दिले. एफआयआर हवाच, तपास सीआयडीचा नाहीतर दुसऱ्या ठाण्याच्या टीमचा, आणि शौर्य शंकेपलीकडे सिद्ध होईपर्यंत बक्षीस नाही की बढती नाही. हार घालायची घाई मात्र सगळ्यांनाच असते.

प्रश्न : पीएमला आमचा डॉक्टर उभा राहू शकतो का?
- एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : प्रोटोकॉल म्हणतो कुटुंबाच्या माणसाला हजर राहू द्या. आपल्या कायद्यात इतकं सरळ लिहिलेलं नाही, तेव्हा पीएम सुरू व्हायच्या आधी दंडाधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या, तोंडी सांगून काही होत नाही. दुसरी प्रत जवळ ठेवा, इनवर्डचा शिक्का मारून आणि वेळ टाकून.