खोटं पकडायची पुस्तकं घेताय? आधी एवढं वाच

अरे, अप्पा बळवंत चौकात गेलास की बॉडी लँग्वेजची चकचकीत कव्हरवाली पुस्तकं आधी दिसतील, ती आत्ता घेऊ नकोस. नाक खाजवलं म्हणजे खोटं, नजर चुकवली म्हणजे खोटं, असलं डोक्यात बसलं ना की काढायला फार वेळ लागतो. आमच्याकडे इंटरव्ह्यूला एक मुलगा आला होता, पूर्ण वेळ टेबलाकडे बघून बोलत होता, मी मनातल्या मनात त्याला खोटा ठरवून टाकलं आणि नंतर चौकशी केली तर सगळं खरं निघालं, नुसता घाबरला होता बिचारा. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

सुरुवात मानसशास्त्रज्ञ पॉल एकमनच्या 'टेलिंग लाइज'ने कर, 1985 चं आहे, चेहऱ्यावर क्षणभर उमटणाऱ्या भावांबद्दल छान लिहिलंय, पण तिथेच थांबू नकोस, त्यावर बरीच टीका झालीये. मग आल्डर्ट व्रायचं 'डिटेक्टिंग लाइज अँड डिसीट' घे, जाड आहे, हळूहळू वाच. 2006 मध्ये बाँड आणि डीपॉलो या संशोधकांनी 200 च्या वर अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा खरं की खोटं हा माणसांचा अंदाज सरासरी 54 टक्केच बरोबर निघाला, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जरासाच बरा.

त्यामुळे चेहऱ्यापेक्षा बोलण्यातला तपशील बघायला शीक, समोरच्याला मोकळे प्रश्न विचार, भरपूर बोलू दे, आणि जे सांगेल ते पडताळून बघ. आणि प्लीज, घरच्यांवर प्रयोग नको करूस.