टायपिंग शिकताना मुलाचा वेग कमी झाला तर?

"मॅडम, शिकायला लागल्यापासून हा उलट हळू झालाय." खुर्चीत बसायच्या आधीच आई म्हणाल्या. मुलगा सातवीतला. बाबा सरकारी कार्यालयात लिपिक.

शाळेत संगणकाचा तास आठवड्यातून एकदा, तोही एका संगणकावर दोघं. दोन बोटांनी टकटक करत हा मिनिटाला २० शब्दांपर्यंत जायचा. सरांनी प्रत्येक बोटाला अक्षरं नेमून दिली आणि वेग ८-९ वर आला. मग बाबांनी घरी रविवारचे दोन तास ठरवले आणि शेजारी मोबाइलवर स्टॉपवॉच लावलं. महिन्याभरात मुलाचं रविवारी सकाळी पोट दुखायला लागलं.

ही काळजी घेऊन येणारे पालक मला नेहमी भेटतात, आणि मुलाला 'मंद' म्हटलेलं ऐकलं की मला फार वाईट वाटतं. दोन बोटांचा वेग डोळ्यांच्या जोरावर असतो. तो सोडून बोटांच्या ओळखीवर यायचं तर मध्ये काही आठवडे वेग पडणारच. त्याच आठवड्यांत घड्याळ लावलं तर मूल गुपचूप पुन्हा दोन बोटांवर जातं. या मुलाने तेच केलं होतं. बाबांचं लक्ष नसलं की दोन बोटं, लक्ष असलं की दहा.

मी बाबांना विचारलं, "तुम्ही टायपिंग कुठे शिकलात?" त्यांचा चेहरा उजळला. टायपिंग इन्स्टिट्यूट, सकाळचा एक तास, आणि पहिले कित्येक दिवस फक्त 'एएसडीएफजीएफ, सेमिकोलन एलकेजेएचजे'.

"तेव्हा वेग कोण मोजायचं?"

"वेग? सर चुका मोजायचे. स्पीडचं नाव बऱ्याच उशिरा निघालं." बोलता बोलता ते थांबले आणि मुलाकडे बघत राहिले. मला पुढे काही समजवावं लागलं नाही.

रविवारच्या दोन तासांबद्दल मात्र मी बोलले. ब्रिटनमधल्या टपाल कर्मचाऱ्यांना टायपिंग शिकवताना मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि त्यांचे सहकारी लाँगमन यांनी केलेला अभ्यास १९७८ साली प्रसिद्ध झाला. रोज एकच तास बसणारे एकूण कमी तासांत शिकले. दिवसातून दोनदा, दोन-दोन तास बसणाऱ्यांना जास्त तास लागले. तरी सर्वांत नाराज होते ते रोज एक तासवालेच, कारण त्यांचे दिवस जास्त मोडत होते. घरोघरी मला हेच दिसतं. पद्धत बरोबर असते, पण प्रगती होत नाही असं वाटत राहतं.

ठरलं ते असं. रोज १५ मिनिटं, जेवणाआधी. लॅपटॉप पलंगावर नाही, टेबलावर, पाय टेकलेले. एफ आणि जे या कळांवरचे उंचवटे बोटांनी शोधायचे आणि हातांवर रुमाल टाकायचा. स्टॉपवॉच बंद. शाळेच्या तासाला जोडीदार टाइप करत असेल तेव्हा याने नुसती त्याची बोटं बघायची. तोही सरावच. मनगट दुखलं किंवा मुंग्या आल्या तर मात्र लगेच थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं.

मराठीचं त्याने स्वतःच काढलं. इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. 'क'च्याच कळेवर शिफ्ट दाबून 'ख', 'ग'वर 'घ'. बाराखडी आणि वर्गाक्षरं येणाऱ्या मुलाला ही मांडणी पटकन कळते. आजी थालीपीठाच्या भाजणीचं प्रमाण सांगायची आणि हा टाइप करायचा. आजीकडे बघत टाइप करायचं म्हटल्यावर कळांकडे बघणं आपोआप सुटत गेलं. आजी काही घड्याळ लावणार नव्हत्या.

बाबाही शेजारी बसायचे. जुन्या मराठी टाइपरायटरवर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची आणि अक्षर मग. इनस्क्रिप्टमध्ये आधी अक्षर. त्यामुळे 'किती' लिहिताना ते अडखळायचे आणि मुलगा म्हणायचा, "बाबा, आधी क!"

तीन महिन्यांनी तिघं पुन्हा आले. वेग २२ शब्द, जुन्यापेक्षा जेमतेम दोन जास्त. आईंना हे कमी वाटलं आणि त्यांनी तसं म्हणूनही दाखवलं. मी माझा लॅपटॉप पुढे सरकवला. मुलाने आईच्या डोळ्यांत बघत, कळांकडे एकदाही न बघता लिहिलं : 'आई, पोट दुखत नाही आता.'