कासवाच्या पिल्लाचे डोळे सुजलेत, कवच मऊ लागतंय. लहान आहे म्हणून असं होतं का?

नाही. लहान आहे म्हणून होत नाही.

तुम्ही लिहिलंय की लाल कानाचं कासव आहे, दोन इंचांचं. पाच महिने घरात आहे, डोळे सुजून मिटलेत, चार दिवस काही खाल्लेलं नाही. पाठ दाबली तर पुठ्ठ्यासारखी दबते. दुकानदार म्हणाला, "लहान आहे हो, मोठं झालं की कडक होईल." आणि तुम्ही विचारताय की डोळ्यांत कुठले थेंब घालू. थेंबांचं सांगते पुढे. पण ते "लहान आहे हो" वाचलं आणि मला राहवेना, कारण आमच्या घरात हेच वाक्य मी सात महिने ऐकलं आहे.

2015 च्या वैशाखात पुण्यात आमच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली. माझ्या धाकट्या दिरांनी त्या दिवशी काचेच्या वाडग्यात एक कासव आणलं. उत्तरेला कासव असलं की घराला स्थैर्य येतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. वाडग्यात रंगीत खडे, प्लास्टिकचा माड, आणि सोबत सुक्या कोळंबीची बाटली. मुलाने नाव ठेवलं गोट्या.

मी मूळची रत्नागिरीकडची. आमच्याकडे तान्हं बाळ रोज सकाळी अंगणात यायचं, आजी तेल चोळून त्याला कोवळ्या उन्हात पायांवर घेऊन बसायची. मला आपलं आतून वाटलं की याही पिल्लाला ऊन हवं. मी म्हटलं, रोज सकाळी टबात घालून गच्चीवर नेत जाईन. भाऊजी म्हणाले, "वहिनी, कशाला तीन मजले चढताय? हॉलच्या खिडकीशी ठेवा ना. काचेतून आलं काय नि गच्चीवर आलं काय, ऊन ते ऊन." भाऊजी इंजिनिअर आहेत, घरात त्यांचा शब्द शेवटचा असतो. वाडगा पूर्वेच्या बंद खिडकीशी गेला. सकाळी त्यावर इतकं छान ऊन यायचं की मलाही पटलं.

खाण्यात मी काही कमी केलं नाही. सुकी कोळंबी होतीच, शिवाय घरात बांगडा आला की त्यातला मऊ तुकडा गोट्याचा. लहान मुलाला भरवताना काढतो तसा एकेक काटा काढून द्यायचे. घशात अडकायला नको म्हणून.

गणपतीत लक्षात आलं की पाठ बोटाखाली दबतेय. "लहान आहे." दिवाळीत कवचाच्या कडा वर वळायला लागल्या. "वाढतंय ते." डिसेंबरात मागचा एक पाय ओढायला लागला, डोळे सुजले, खाणं बंद. मग संक्रांतीला तिळगूळ द्यायला सगळे जमले असताना भाऊजी म्हणाले, "वहिनींच्या हातून खाणंपिणं नीट होत नसणार." मी त्या वेळी काही बोलले नाही. सासूबाईंनीही मान डोलावली, ते जास्त लागलं.

जवळच्या डॉक्टरांनी, जे मुख्यतः कुत्री-मांजरं बघतात, डोळ्यांत घालायचे थेंब दिले. दहा दिवस घातले, काही फरक नाही. मग शोधून शोधून कासवं, इग्वाना, पक्षी बघणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी डोळ्यांकडे पाहिलंही नाही आधी. एक्स-रे काढला. त्यात हाडं अशी दिसत होती की धुक्यात कुणी रेघ ओढावी. मग विचारलं, "दिवा कुठला लावता? खायला काय? आणि खिडकी उघडी असते की बंद?"

तिसरा प्रश्न ऐकून मला काही कळेना. त्यांनी समजावलं ते असं. कासवाची पाठ म्हणजे त्याच्या बरगड्या आणि कणाच, हाडच ते. हाडाला कॅल्शियम लागतं. पोटातलं कॅल्शियम रक्तात घ्यायला ड जीवनसत्त्व लागतं, आणि ते या प्राण्यांच्या कातडीत उन्हातल्या यूव्हीबी किरणांनी तयार होतं. खिडकीची साधी काच यूव्हीबी अडवते. "तुमच्या खिडकीतून उजेड आला, ऊब आली. ज्यासाठी ऊन हवं होतं ते बाहेरच राहिलं." रक्तात कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडांतून काढून घेतं, कारण हृदय आणि स्नायू त्याशिवाय चालत नाहीत. पिल्लू वाढत असतं, हाड रोज बांधत असतं, म्हणून तुटवडा आधी त्याच्यात दिसतो. लहान असणं हे काळजी सोडायचं कारण नाही, घाई करायचं कारण आहे.

आणि माझी चूकही त्यांनी सांगितली. बांगड्याच्या मऊ मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावालाच. जे हवं होतं ते काट्यात होतं. ज्या काट्यांसाठी मी चष्मा लावून बसत होते, ते मी रोज कचऱ्यात टाकत होते. ही चूक माझी, मी ती मान्य करते. पण काचेची चूक माझी नव्हती.

त्या रात्री मी बसून वाचलं. माणसाच्या पोरांना होणारा मुडदूस आणि हा आजार, मुळात एकच. 1919 मध्ये बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की नावाच्या डॉक्टरने मुडदूस झालेल्या मुलांना पाऱ्याच्या वाफेच्या दिव्याखाली ठेवलं आणि त्यांची हाडं भरून आली. तो दिवा क्वार्ट्‌झचा होता. साध्या काचेचा असता तर ते किरण बाहेरच पडले नसते. म्हणजे शंभर वर्षांपूर्वीपासून माहीत असलेली गोष्ट. आजी शाळेत गेली नव्हती, पण तिने बाळाला कधी बंद खिडकीशी ऊन दिलं नाही.

मी हे भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "मग आपण दिवसभर ऑफिसात काचेआड बसतो, आपली हाडं कुठे मऊ झाली?" वाक्य जोरात होतं, म्हणून सगळ्यांना पटलं. आपण ऑफिसला उडत जात नाही, रस्त्यावरून जातो. वाडग्यातलं पिल्लू कुठे जातं?

गोट्या वाचला. वाचली म्हणायला हवं, पुढे मादी निघाली. कॅल्शियमची औषधं, पाणी तापवायचा हीटर, आणि यूव्हीबीची नळी, जी मला तेव्हा दीड हजाराला पडली. दोन महिन्यांनी पाठ टणक लागायला लागली. कडा मात्र वळलेल्याच राहिल्या आणि तो पाय अजून थोडा ओढते. आज तिला दहा वर्षं झालीत.

आता तुमचं. डोळे सुजणं हे बहुतेक वेळा अ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं असतं. नुसत्या सुक्या कोळंबीवर वाढलेल्या कासवांत हे सर्रास दिसतं. डोळ्याजवळच्या ग्रंथींचं अस्तर जाड होतं, त्या तुंबतात, पापणी फुगते. थेंब वरवरचे आहेत. आत जंतूंची लागण झाली असेल तर डॉक्टर मलम देतील, पण मूळ खाण्यात आहे. गाजर, लाल भोपळा किसून द्यायला हवा, पण डोळे मिटलेलं कासव खातच नाही, कारण त्याला खाणं दिसत नाही. म्हणून आता घरच्या उपायांची वेळ गेली आहे, उद्याच डॉक्टर गाठा. दुकानदाराकडून अ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन टोचून घेऊ नका. जास्त झालं तर कातडी सोलवटून निघते. पोहताना एका बाजूला कलत असेल, नाकाला बुडबुडे येत असतील, तोंड उघडून श्वास घेत असेल, तर छातीचा संसर्ग आहे, मग उद्याही नको, आजच न्या.

पुढचं सगळं कवचासाठी. यूव्हीबी नळी, तिच्या आणि कासवाच्या मध्ये काच नको, प्लास्टिक नको. अंतर फुटाच्या आसपास, दिवसाचे दहा-बारा तास. सहा महिने ते वर्षभराने नळी बदलायची, कारण ती डोळ्यांना पेटलेली दिसते पण किरण संपलेले असतात. बाहेर येऊन बसायला कोरडा दगड, तिथे 32 अंश, पाणी 26 अंश. थंड पाण्यात या प्राण्यांना अन्न पचत नाही आणि औषधही लागू पडत नाही. खायला मांदेलीसारखे छोटे मासे, अख्खे चिरून, काट्यासकट. शेवग्याचा पाला चांगला, पालक नको, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं. आणि समुद्रफेस. म्हाकुळाची (कटलफिशची) ती पांढरी पाठ कोकणात किनाऱ्यावर फुकट पडलेली असते. मी माहेरून आणते, दोन-तीन दिवस गोड्या पाण्यात भिजत घालते, वाळवून तुकडा पाण्यात टाकते. गोट्या करकर कुरतडते.

2019 मध्ये भाऊजींच्या घरी लॅब्रॅडॉरचं पिल्लू आलं. रोज दूध-पोळी, दूध-भात. साडेतीन महिन्यांचं झालं तेव्हा पुढचे पाय धनुष्यासारखे वाकलेले आणि पंजे पसरलेले. भाऊजी काय म्हणाले असतील ते सांगायला नको. मी या वेळी गप्प बसले नाही. हुल्डशिन्स्कीच्याच काळात इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिल्लांना लापशीवर वाढवून हाच आजार निर्माण केला होता आणि कॉड माशाच्या तेलाने बरा केला होता. आपली दूध-पोळी ही त्या लापशीची बहीण. मी म्हटलं, "भाऊजी, याला गच्ची पुरणार नाही. कुत्र्याला उन्हातून ड जीवनसत्त्व फारसं बनवताच येत नाही, ते त्याला खाण्यातूनच लागतं. डॉक्टरांकडे न्या." तर त्यांनी आधी मेडिकलमधून कॅल्शियमचं सिरप आणलं आणि दुप्पट चमचे पाजलं. मोठ्या जातीच्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियमही तितकंच वाईट, त्याने हाडं वेडीवाकडी वाढतात. शेवटी पिल्लांसाठीचं पूर्ण खाद्य सुरू झालं आणि पाय सुधारले. संक्रांतीच्या त्या वाक्याबद्दल मात्र ते आजवर काही बोललेले नाहीत.

काही गोष्टी राहिल्या. अगदी नुकत्याच अंड्यातून निघालेल्या पिल्लाचं कवच जरा लवचीक असतं हे खरं आहे, पण तुमचं पाच महिने घरात आहे, ती सबब आता लागू नाही. माझं वाचून काचेची टाकी उचलून उन्हात ठेवू नका, पाणी तापून पिल्लू मरेल. उन्हात न्यायचं तर उघडा टब, अर्ध्या भागात सावली, सकाळची वीस मिनिटं, आणि तिथून हलायचं नाही, कावळा-घार टपलेली असते. कासवाला हात लावल्यावर मुलाने साबणाने हात धुवायचे, त्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचे पोट बिघडवणारे जंतू असतात. अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवं विकायला 1975 पासून बंदी आहे ती याचसाठी. आणि कंटाळा आला तरी तलावात सोडू नका. ही आपल्याकडची जात नाही, हावरट आहे, आपल्या कासवांची जागा खाते.

डॉक्टरकडे नेताना पाण्यात नेऊ नका. भोकं पाडलेल्या डब्यात ओलं फडकं घालून न्या, आणि दोन बोटांत दाबून उचलू नका, अशी हाडं तेवढ्यानेही मोडतात. खालून तळहातावर घ्या. खाण्याची बाटली आणि दिव्याचा खोका सोबत न्या, त्यावर यूव्हीबी लिहिलंय का ते डॉक्टरांना बघू द्या.