विसार दिला, खरेदीखत होत नाही

प्रश्न : १० मार्च २०२४ रोजी दीड एकर शेतजमिनीचं नोंदणीकृत साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) केलं. मी शेतकरी खातेदार आहे. किंमत ४० लाख ठरली, १० लाख विसार चेकने दिला. सहा महिन्यांत खरेदीखत करायचं होतं. भाव वाढल्यावर मालक टाळाटाळ करू लागले आणि आता दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलणी सुरू आहेत. तलाठ्याकडे हरकत अर्ज दिला आहे. पुढे काय करू? (एक वाचक, पुणे जिल्हा)

उत्तर : हरकत अर्ज जमीन मिळवून देत नाही. फेरफार, म्हणजे सातबारावर नाव बदलणं, ही महसुली नोंद आहे, मालकीचा निकाल दिवाणी न्यायालयातच लागतो. लोक तहसील आणि प्रांताकडे वर्षानुवर्षं फेऱ्या मारतात आणि तेवढ्यात दाव्याची मुदत निघून जाते, हे फार वाईट आहे. साठेखतात तारीख ठरलेली असेल तर त्या तारखेपासून तीन वर्षांत दावा दाखल व्हावा लागतो. तुमच्यासाठी ती मर्यादा १० सप्टेंबर २०२७. पण तितकं थांबू नका, कारण उशीर झाला की मनाई हुकूम, म्हणजे जमीन दुसऱ्याला विकू नये असा न्यायालयाचा आदेश, मिळणं कठीण जातं.

दावा करारपूर्तीचा, म्हणजे खरेदीखत करून मिळण्याचा करायचा. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्टमध्ये २०१८ साली दुरुस्ती झाली. तोवर करारपूर्ती देणं न देणं न्यायालयाच्या मर्जीवर होतं, १ ऑक्टोबर २०१८ पासून ते तसं राहिलं नाही. तरीही असे दावे पडतात, बहुतेक वेळा एकाच मुद्द्यावर: खरेदीदार उरलेली रक्कम द्यायला ‘तयार आणि राजी’ होता हे सिद्ध होत नाही. इथं जीव ओता. तुमचे ३० लाख कुठून येणार होते? सप्टेंबर २०२४ पासून आजपर्यंतचं बँक स्टेटमेंट, ठेवीच्या पावत्या, कर्ज मंजुरीचं पत्र, सगळं जमवा. ‘पैसे होते’ हे साक्षीत नुसतं सांगून भागत नाही.

वकिलामार्फत स्पीड पोस्टाने, पोच मिळेल अशी नोटीस पाठवा. तीत अमुक तारखेला, अमुक वाजता दुय्यम निबंधक कार्यालयात खरेदीखतासाठी या, असं स्पष्ट लिहा. त्या दिवशी खरेदीखताचा मसुदा आणि बाकी रकमेचा डिमांड ड्राफ्ट घेऊन तुम्ही स्वतः तिथं हजर राहा. मालक आले नाहीत तर तसं पत्र कार्यालयात द्या आणि आपल्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. पुढे उलटतपासणीत हा शिक्क्याचा कागद तुमच्या फार कामी येतो. वर्तमानपत्रात जाहीर नोटीसही द्या. साठेखत सूची क्रमांक दोनमध्ये (नोंदणी कार्यालयातल्या नोंदलेल्या दस्तांच्या यादीत) आहे आणि जाहीर नोटीसही निघाली, मग ‘मला माहीत नव्हतं’ हे म्हणणं नव्या गिऱ्हाइकाला जड जाईल. तरी त्याने खरेदी केलीच तर त्यालाही दाव्यात प्रतिवादी करा.

जमीन जिथं आहे तिथल्या दिवाणी न्यायालयात दावा होतो. कोर्ट फी विसारावर नाही, करारातल्या पूर्ण मोबदल्यावर लागते. ही तजवीज आधी करा. त्याच दाव्यात ताबा मागा आणि पर्यायी मागणी म्हणून विसाराचा व्याजासह परतावा मागा. मागितला नाही तर मिळत नाही. सोबत तात्पुरत्या मनाईचा अर्ज द्या. दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवायला विसरू नका. ती नोंदवली नाही तर, महाराष्ट्रापुरतं बोलायचं, दावा चालू असताना झालेल्या विक्रीला तुमच्या दाव्याचा निकाल बांधून ठेवतो असं खात्रीने म्हणता येत नाही. सातबारावर ‘भोगवटादार वर्ग २’ असेल तर विक्रीला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, तेही पाहून घ्या.

प्रश्न : ५०० रुपयांच्या स्टँपवर लिहून घेऊन एका प्लॉटपोटी ६ लाख दिले. नंतर कळलं, तो प्लॉट त्याने वर्षभर आधीच दुसऱ्याला विकला होता. पोलीस म्हणतात, दिवाणी बाब आहे.

उत्तर : नुसता करार मोडला तर ती दिवाणी बाब, हे खरं आहे. पण पैसे घेताना मुळातच फसवायचा हेतू असेल तर तो गुन्हा होतो, आणि आधी विकलेला प्लॉट पुन्हा विकणाऱ्याचा हेतू वेगळा काय असणार? पुरावा म्हणजे आधीच्या खरेदीखताची प्रमाणित प्रत आणि सूची क्रमांक दोन. तुमच्या व्यवहाराच्या आधीची तारीख त्यावर ठळक दिसू द्या.

व्यवहार १ जुलै २०२४ पासूनचा असेल तर फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४), आधीचा असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम ४२०. लेखी फिर्याद देऊन पोच घ्या. गुन्हा नोंदवला नाही तर तीच फिर्याद पोलीस अधीक्षकांना टपालाने पाठवा. तिथंही दाद लागली नाही तर प्रतिज्ञापत्रासह दंडाधिकाऱ्यांकडे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली अर्ज करता येतो. आधीच्या दोन्ही पायऱ्यांची पोच जोडा, नाहीतर अर्ज तिथंच अडतो.

पण आरोपीला अटक झाली म्हणून ६ लाख परत येत नाहीत. त्यासाठी वसुलीचा दिवाणी दावा वेगळा करावा लागतो, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत. आरोपी आपली मालमत्ता विकून मोकळा होतोय असं दिसलं तर निकालापूर्वी जप्तीचा अर्ज लगेच द्या. स्टँप अपुरा असेल तर न्यायालय कागद अडवून ठेवतं आणि तुटीच्या शुल्कावर दरमहा २ टक्के दंड भरावा लागतो, म्हणून ती पूर्तता आधीच करून घ्या. रोख किती आणि बँकेतून किती दिले, ते कळवलं नाहीत. रोख रकमेची पावती किंवा साक्षीदार नसेल तर त्याच्याशी झालेले व्हॉट्सअ‍ॅप संदेश पुसू नका, फोनही बदलू नका.