चित्रकार मेरी कसाट अमेरिकन असून इम्प्रेशनिस्ट (उजळ रंगांत रोजचं आयुष्य, क्षणाचा उजेड टिपणाऱ्या फ्रेंच गटातली) कशी झाली? तिची स्टाईल कशी बदलत गेली?

जन्म पेनसिल्व्हेनियातला (१८४४), पण करिअर जवळपास सगळं फ्रान्समध्येच. आधी बाई सलोनला (पॅरिसच्या सरकारी चित्रप्रदर्शनाला) चालतील अशीच गडद चित्रं काढायची, १८६८ मध्ये सलोनने एक घेतलंही, पण पुढे नकार यायला लागले आणि १८७७ मध्ये इम्प्रेशनिस्टांपैकी चित्रकार देगाने आमच्यात ये म्हटल्यावर ती गेलीच! मग रंग उजळले. 'निळ्या खुर्चीतली मुलगी' (१८७८) बघा, पोरगी कंटाळून हातपाय पसरून लोळलीये, समोरच्या खुर्चीत कुत्रं झोपलंय, पोज वगैरे काही नाही. बॅकग्राउंडवर देगानेही हात फिरवलाय म्हणे.

पण माझ्या मते खरी मजा १८९० नंतर. पॅरिसमध्ये जपानी प्रिंट्सचं प्रदर्शन बघून तिने दहा रंगीत प्रिंट्सचा सेट केला, स्वच्छ रेषा, सपाट रंग, सावल्या जवळपास गायब. १८९३ च्या बाळाच्या आंघोळीच्या चित्रात तेच ऑइलमध्ये दिसतं, वरून बघितल्यासारखा अँगल, बाईचा पट्ट्यापट्ट्यांचा ड्रेस, पसरट भांड्यात बुडवलेली छोटी पावलं. (आई-मुलं इतकी रंगवली, स्वतः लग्नच केलं नाही.)

मोतीबिंदूमुळे १९१४ च्या आसपास काम थांबलं, १९२६ ला फ्रान्समध्येच गेली.