दोन इस्पिकवर थांबलो, हात झाले दहा

प्रश्न : आम्ही विश्रामबागेतले चौघे, आजवर मेंढीकोट आणि जजमेंटवाले; आता ब्रिज शिकतोय. परवा माझी पानं अशी : इस्पिकचे एक्का, राजा, गुलाम, ८, ४, बदामचे राजा, ६, चौकटचे एक्का, राणी, ७, ३, किल्वरचे ९, ५. मी ‘एक इस्पिक’ म्हणालो, भिडू ‘दोन इस्पिक’, मी पास. हात झाले दहा! चुकलं कुणाचं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचं. भिडू बरोबर बोलला.

आधी जजमेंटची सवय सोडा. तिथे ‘दोन’ म्हणजे दोन हात. इथे बोलीत सहा मिळवायचे. ‘दोन इस्पिक’ म्हणजे आठ हात. वरचे दोन केलेत, पण बोलला नव्हता म्हणून डुप्लिकेटमध्ये (तीच पानं प्रत्येक टेबलावर खेळवून तुलना करायची पद्धत) १७० वरच भागलं. ‘चार इस्पिक’ बोलून तेवढेच हात केले असते तर ४२०, व्हल्नरेबल (बक्षीस आणि दंड दोन्ही वाढलेले) असता तर ६२०.

आता हातातल्या पानांचे गुण मोजा. एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १. अख्ख्या जोडात ४०. (मेंढीकोटात जिच्यासाठी जीव टाकतो त्या दश्शीला इथे शून्य!) तुमचे झाले १७. भिडूचं ‘दोन इस्पिक’ सांगतं : इस्पिकची निदान तीन पानं आणि ६ ते ९ गुण. बेरीज करा : कमीत कमी २३, जास्तीत जास्त २६. चार इस्पिकला दोघांचे मिळून साधारण २५ लागतात. म्हणजे जमेल की नाही हे तुम्हाला कळत नाही, भिडूला कळतं. म्हणून त्यालाच विचारायचं : ‘तीन इस्पिक’. ६-७ वाला पास म्हणेल, ८-९ वाला चारवर नेईल. दोन रंगांत तुमची दोन-दोनच पानं आहेत, म्हणून काही जाणते विचारत न बसता थेट चार म्हणतील. तेही चालेल. पास मात्र नाही.

तुमच्याकडे १२-१४ च असते, तर हाच पास अगदी योग्य ठरला असता.

प्रश्न : १६ गुण होते म्हणून ‘एक नो-ट्रम्प’ने (हुकमाशिवायच्या बोलीने) सुरुवात केली आणि बुडालो. चौकटची सहा पानं होती, बदामचं एकच.
— एक वाचक, सातारा

उत्तर : १५ ते १७ गुण ही अर्धीच अट. पानांची वाटणीही ४-३-३-३, ४-४-३-२ किंवा ५-३-३-२ अशी हवी. भिडू गृहीत धरतो की प्रत्येक रंगाची निदान दोन पानं तुमच्याकडे आहेत. बदामची उतारी झाली की तुमचं एकुलतं पान पहिल्याच फेरीत जातं आणि हुकूम नसल्याने पुढचे बदाम मारता येत नाहीत. ‘एक चौकट’ म्हणा. भिडू ‘एक इस्पिक’ म्हणाला तर ‘तीन चौकट’. सहा पानी रंग आणि १६-१८ गुण, दोन्ही त्यात सांगून होतात.

प्रश्न : भिडूशी ठरवलेले अर्थ विरोधकांना सांगायचे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : हो. आपल्या पाळीला विरोधक विचारू शकतात, आणि ज्याने बोली केली त्याने नव्हे, त्याच्या भिडूने अर्थ सांगायचा. छुपे संकेत चालत नाहीत. सुस्कारा टाकून म्हटलेला ‘पास’सुद्धा नाही.