वाचकांचे प्रश्न : भिंग बरोबर, मग गेन कुठे जातो?

प्रश्न : १० गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींसाठी पीएलए प्लास्टिकचं २०० मिमी व्यासाचं भिंग थ्रीडी प्रिंटरवर छापलं. नाभीय अंतर २०० मिमी, अपवर्तनांक १.६ धरला. हॉर्नकडची बाजू हायपरबोलिक, बाहेरची सपाट. हॉर्न (भिंगावर लहरी सोडणारा नरसाळ्यासारखा अँटेना) १२ डीबीआयचा. २६ डीबीआय गेन (शक्ती एका दिशेला एकवटण्याचं डेसिबलमधलं माप) अपेक्षित होता, जेमतेम २२ मिळतो. छपाई पोकळ राहिली असेल का? वजन ६१५ ग्रॅम भरतं.

उत्तर : वजनावरून छपाई निर्दोष दिसते. या मापांचं भिंग मध्यभागी ३४ मिमी जाड आणि ५०३ घनसेंमी घनफळाचं होतं. भरीव पीएलएचं ६२४ ग्रॅम भरेल. शिवाय २६.४ हा शंभर टक्के कार्यक्षमतेचा आकडा आहे. २४ मिळाले तरी काम चोख म्हणायचं.

दोष हॉर्नचा आहे. हॉर्नवरून पाहिलं तर भिंगाची कडा अक्षापासून फक्त २३ अंशांवर येते. १२ डीबीआयचा हॉर्न इतका पसरट असतो की जवळपास निम्मी शक्ती भिंगाबाहेरून निसटते. तिथेच ३ डेसिबल गेले. १६ ते १७ डीबीआयचा हॉर्न घ्या. डिशसमोर हॉर्न आडवा येतो, तशी इथे त्याची सावली पडत नाही, त्यामुळे मोठ्या तोंडाची धास्ती नको. मात्र डिशचा 'कडेला १० डेसिबल घट' (मध्यापेक्षा कडेला शक्ती इतकी कमी पडावी) हा नियम इथे जसाच्या तसा लावू नका. हायपरबोलिक भिंग स्वतःच कडेला ३.७ डेसिबल घट आणतं, म्हणून हॉर्नची घट ७-८ पुरते. ती २०० मिमी अंतरावरच मोजा, आणि हे अंतर हॉर्नच्या तोंडापासून नव्हे, आतल्या कला केंद्रापासून (लहरी जिथून पसरल्यासारख्या दिसतात त्या बिंदूपासून) धरा.

हॉर्न बदलला की व्हीएसडब्ल्यूआर (परत फिरणाऱ्या लहरींचं माप, १ म्हणजे काहीच परत नाही) मात्र बिघडेल, अगदी १.५ पर्यंत. सपाट पृष्ठावरून ५ टक्के शक्ती परतते आणि नेमकी नाभीवर, म्हणजे हॉर्नमध्येच गोळा होते. त्यावर उपाय म्हणून सपाट बाजूला ५.९ मिमी खोल समांतर खाचा ठेवा, दर ६ मिमीला एक. लहरीचं विद्युतक्षेत्र खाचांना समांतर असेल तर खाचांमधले दात २.३ मिमी रुंद, काटकोनात असेल तर ३.७. खाचांचा हा थर ३४ मिमीच्या वर वाढवायचा. आत कोरलात तर नाभी तीच राहील, पण कडेला जाडीच नसल्यामुळे तिथलं भिंग कापलं जाईल.

प्रश्न : वजन घटवायला भिंगाला पायऱ्या पाडू का?

उत्तर : एका पायरीला तरंगलांबी भागिले (अपवर्तनांक वजा १), म्हणजे ५० मिमी जाडी लागते. भिंगच ३४ मिमीचं, त्यात एकही बसत नाही. त्यापेक्षा नाभीय अंतर ३०० मिमी करा: जाडी २५ मिमी, वजन ४७० ग्रॅमच्या आसपास. पण कडेचा कोन १७ अंशांवर येतो, त्यामुळे हॉर्न आणखी मोठा लागेल.